जुनी प्रत केव्हा टाकायची?

मुंबईत भोईवाडे दोन. एक भुलेश्वरचा, जिथे ‘तिसरा भोईवाडा’ अशी क्रमांकाने ओळखली जाणारी गल्ली आहे. दुसरा परळचा, पोलीस ठाणे आणि न्यायालय यांच्यामुळे वर्तमानपत्रांत अधूनमधून नाव येणारा. पालखी-मेणे वाहणारे भोई दोन्हीकडून गेले, नाव मागे राहिले. पत्रावर नुसते ‘भोईवाडा, मुंबई’ लिहिले तर घोटाळा होणार. पण पिनकोड ४००००२ आहे की ४०००१२, एवढे पाहिले की हा घोटाळा मिटतो.

गिरणगावात पत्त्याचा दुसरा एक घोटाळा होतो आणि तो पिनकोडने मिटत नाही. समजा, कोणाच्या जुन्या वहीत ‘कोहिनूर मिल नं. ३, दादर’ असा पत्ता आहे. पत्ता चुकीचा नाही. रस्ता तोच, जागाही तीच. पण गिरणी गेली आणि तिथे आता काचेचा मनोरा उभा आहे. त्या पत्त्यावर पाठवलेले पत्र पोचेलही, फक्त ते उघडणारा माणूस वेगळा असेल. आत साधे खुशालीचे पत्र असेल तर तो ते टोपलीत टाकील. पण आत तिजोरी कशी उघडायची याच्या सूचना असतील तर? आणि पत्र येणार हे आधीच ओळखून कोणी मुद्दाम ती जागा भाड्याने घेऊन बसला असेल तर?

संगणकाच्या आणि मोबाइलच्या पोटात हा दुसरा घोटाळा क्षणोक्षणी होऊ शकतो. तो होऊ नये म्हणून गेल्या तीस-चाळीस वर्षांत जी युक्ती घडत गेली, तिची ही हकिकत आहे. ती गणितज्ञांनी आणि अभियंत्यांनी घडवली असली तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणत्याही ग्रंथपालाला कळेल असा आहे: वाचनालयात माणसे वाचत बसलेली असताना जुनी प्रत केव्हा रद्दीत टाकायची?

पत्ता आणि वस्तू

संगणकावर किंवा फोनवर आपण जे पाहतो, म्हणजे चित्रे, संदेश, पैसे भरण्याचे अ‍ॅप, त्या सगळ्यांच्या खाली एक कार्यक्रम अखंड चालू असतो. त्याला कर्नल म्हणतात, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. अँड्रॉइड फोनमध्ये हा गाभा लिनक्सचा असतो, आणि बँकांपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत ज्या मोठ्या यंत्रांवर आपले व्यवहार होतात त्यांतल्या फार मोठ्या भागातही तोच असतो. कोणता कार्यक्रम चालू आहे, कोणती फाइल उघडी आहे, कोणता संदेश कोणत्या वाटेने पाठवायचा, याच्या याद्या कर्नल बाळगतो.

या याद्यांमध्ये वस्तू नसतात, वस्तूंचे पत्ते असतात. मेमरीतली प्रत्येक जागा क्रमांकाने ओळखली जाते, आणि असा क्रमांक लिहून ठेवलेल्या चिठ्ठीला पॉइंटर म्हणतात. आजच्या ६४ बिटांच्या यंत्रात ही चिठ्ठी आठ बाइटांची असते, मग तिने दाखवलेली वस्तू केवढीही मोठी असो. वस्तू हलवण्यापेक्षा चिठ्ठी हातोहात देणे स्वस्त पडते, म्हणून कर्नलचा बहुतेक कारभार चिठ्ठ्यांवर चालतो. एकाच वस्तूच्या चिठ्ठ्या अनेकांकडे असतात.

वस्तूचे काम संपले की तिची जागा मोकळी केली जाते आणि दुसऱ्या कोणाला तरी दिली जाते. पण ज्यांच्याकडे जुन्या चिठ्ठ्या आहेत त्यांना हे आपोआप कळत नाही. त्यांच्यापैकी कोणी जुन्या पत्त्यावर गेला की तिथे गिरणीऐवजी मनोरा सापडतो. या दोषाला संगणकाच्या जगात ‘युज आफ्टर फ्री’ म्हणतात, म्हणजे सोडून दिलेली जागा वापरणे. दोष क्षणभराचा असतो, पण तेवढ्यात कर्नलच्या हातून कोणाच्याही माहितीत काहीही लिहिले जाऊ शकते.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. त्यात काम करणारा प्रक्रियक एकच होता. एका वेळी एकच हात वस्तू उचलत असेल तर हा प्रश्न फारसा छळत नाही. आज साध्या फोनमध्येही आठ कोअर असतात, म्हणजे आठ कामगार एकाच गोदामात, एकाच याद्या पाहत, एकाच वेळी काम करतात. एकाने चिठ्ठी वाचली आणि तो वस्तूकडे निघाला, एवढ्यात दुसऱ्याने ती वस्तू भंगारात काढली, असे घडायला अब्जांश सेकंदही पुरतो.

दाराशी ठेवलेली वही

या प्रश्नाला संगणकशास्त्रात फार पूर्वी नाव मिळाले. १९७१ साली कूर्त्वा, हेमान्स आणि पार्नास यांनी एका छोट्या निबंधात तो मांडला. माहिती नुसती पाहणारे ते ‘वाचक’ आणि तिच्यात बदल करणारे ते ‘लेखक’ अशी त्यांनी विभागणी केली. कितीही वाचक एकाच वेळी वाचू शकतात, पण लेखक लिहीत असताना दुसरे कोणी आत असता कामा नये. नावे साहित्याच्या दुनियेतली असली तरी नाते उलटे आहे. इथे वाचक पुष्कळ आणि घाईत असतात. लेखक थोडे, आणि थांबायचे असेल तर त्यांनी थांबावे अशी अपेक्षा.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कुलूप. वस्तूला हात लावण्याआधी कुलूप आपल्या ताब्यात घ्यायचे, काम झाले की सोडायचे, बाकीच्यांनी तोवर दाराशी थांबायचे. १९९६ साली लिनक्सची २.० ही आवृत्ती एकाहून अधिक प्रक्रियकांवर चालू लागली तेव्हा अख्ख्या कर्नलला मिळून असे एकच मोठे कुलूप होते. चार प्रक्रियक असले तरी कर्नलच्या दारात तिघे ताटकळत. हे कुलूप थोडेथोडे करून काढत शेवटचा अंश जायला २०११ साल उजाडावे लागले.

त्याहून सुधारलेला उपाय म्हणजे वाचकांची मोजदाद. एखाद्या ग्रंथालयाचा संदर्भ विभाग डोळ्यांसमोर आणा, दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखा. समजा, दाराशी एक वही आहे. आत जाताना नाव लिहायचे, बाहेर पडताना खोडायचे. वही कोरी झाली की ग्रंथपालाने कपाट उघडून पुस्तके बदलायची. वाचकांनी एकमेकांना अडवण्याचे कारण राहिले नाही. मग अडचण कुठे आली?

अडचण वहीतच होती. वाचक कितीही असोत, वही एकच. प्रत्येक कोअर आपल्याजवळ मेमरीच्या छोट्या तुकड्यांच्या नकला ठेवतो. तुकडा साधारण ६४ बाइटांचा असतो आणि जवळच्या नकलेतून वाचायला एखादा नॅनोसेकंद लागतो. पण एका कोअरने त्या तुकड्यात काही लिहिले की बाकी सगळ्यांच्या नकला बाद होतात आणि त्यांना ताजी नक्कल दूरवरून मागवावी लागते. त्याला शंभरेक नॅनोसेकंद लागू शकतात. ‘मी आत आलो’ एवढे नोंदवणे हेही लिहिणेच आहे. म्हणजे ज्याला फक्त वाचायचे आहे तोही वहीपाशी लेखक होतो. ओळभर वाचायला क्षण लागणार आणि सही करायच्या रांगेत त्याच्या शंभरपट वेळ जाणार. कोअर जितके जास्त, तितकी रांग लांब.

मग वही दाराशी नको, प्रत्येक पुस्तकातच एक आकडा ठेवू, हा पुस्तक किती जण वाचताहेत ते सांगेल, असे सुचते. ही पद्धत पुष्कळ ठिकाणी वापरलीही जाते. पण तिच्यात एक बारीक भोक आहे. आकडा वाढवायला आधी पुस्तकापर्यंत पोचावे लागते. तालिकेतले कार्ड वाचणे आणि पुस्तक हातात घेणे यांच्या मध्ये जो क्षण जातो, तेवढ्यात पुस्तक रद्दीत गेले असेल तर वाचक आकडा वाढवणार कशात? ज्या वस्तूचे रक्षण करायचे, तिच्याच पोटात रक्षक बसवला की ही पंचाईत होते.

वाचा, प्रत करा, बदला

या पेचातून वाट काढणाऱ्या युक्तीचे नाव आहे ‘रीड-कॉपी-अपडेट’, आद्याक्षरांनी आरसीयू. ग्रंथालयाच्याच भाषेत ती अशी सांगता येईल.

एखाद्या कोशात दुरुस्ती करायची आहे. ग्रंथपाल मूळ प्रतीला हात लावत नाही. तो तिची वेगळी प्रत तयार करतो, दुरुस्ती त्या प्रतीत करतो, नवी प्रत फडताळात नीट लावतो, आणि सगळे झाल्यावर एका फटक्यात तालिकेतले कार्ड बदलतो. यापुढे येणाऱ्या वाचकाला नव्या प्रतीचा पत्ता मिळेल. जो आधीच जुनी प्रत घेऊन बसला आहे तो ती वाचत राहील. प्रत जुनी असली तरी सलग आहे. अर्धे पान जुने आणि अर्धे नवे असा प्रकार कोणाच्याच वाट्याला येत नाही. यंत्रातही पॉइंटर बदलणे ही एकाच झटक्यात होणारी क्रिया आहे. वाचकाला जुना पत्ता दिसेल किंवा नवा, मधला कधीच नाही.

आता शीर्षकातला प्रश्न. जुनी प्रत केव्हा टाकायची? दाराशी वही नाही, पुस्तकात आकडा नाही. जुनी प्रत कोण वाचत आहे हे ग्रंथपालाला ठाऊक नाही, आणि युक्ती अशी की ते त्याने जाणून घ्यायचेही नाही. त्याऐवजी वाचकांनी एक नियम पाळायचा: पुस्तक उघडे ठेवून जागेवरून उठायचे नाही आणि डुलकी काढायची नाही. चहाला जायचे असेल तर आधी पुस्तक मिटून परत ठेवायचे, आणि आल्यावर पुन्हा कार्ड पाहून सुरुवात करायची. एवढा नियम पाळला गेला की ग्रंथपालाचे काम सोपे होते. कार्ड बदलल्यानंतर प्रत्येक टेबलावरचा माणूस एकदा तरी उठलेला दिसला, की जुनी प्रत कोणाच्याही हातात नाही अशी खात्री पटते. कोण काय वाचत होता हे विचारावे लागत नाही.

कर्नलमध्ये टेबल म्हणजे कोअर आणि चहाला उठणे म्हणजे कोअरने हातातले काम सोडून दुसरे घेणे. हे तसेही सेकंदात अनेकदा घडत असते आणि त्याची नोंद कर्नल स्वतःच्या गरजेसाठी ठेवतच असतो. वाचन चालू असताना काम अदलाबदल करायचे नाही, हा नियम. तेव्हा सर्व कोअरांवर एकेकदा अदलाबदल झाली की आधीचे सगळे वाचक संपले. कार्ड बदलल्यापासून इथपर्यंतच्या काळाला ‘ग्रेस पिरियड’ म्हणतात. तो सहसा काही मिलिसेकंदांचा असतो.

यातली दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिले, ग्रंथपालाला फक्त कार्ड बदलण्यापूर्वी आलेल्या वाचकांसाठी थांबायचे आहे. नंतर येणाऱ्यांची रीघ कितीही असो, ते नवी प्रत वाचणार. त्यामुळे थांबण्याला अंत आहे. दुसरे, वाचकाने ‘मी आलो, मी गेलो’ असे कुठेच लिहायचे नाही. ज्या कर्नलमध्ये चालू काम मध्येच काढून घेतले जात नाही, तिथे वाचनाच्या आरंभाची आणि शेवटाची खूण यंत्रभाषेत उतरताना शून्य आज्ञांची होते. कोणतेही काम त्याहून स्वस्त करता येत नाही. सगळा भार लेखकाने उचलायचा, तोही त्याला सवड असेल तेव्हा.

बीव्हर्टन ते बंगळूर

जुने लगेच न टाकता आधीचे वाचक संपेपर्यंत ठेवावे, ही कल्पना एकाच डोक्यातून निघालेली नाही. १९८० साली कुंग आणि लेमन यांनी शोधवृक्षांवरच्या निबंधात तिचे एक रूप मांडले होते. तिथे जुने कोण वापरत नाही हे शोधण्याचे काम कचरा वेचणाऱ्या वेगळ्या यंत्रणेवर सोपवले होते. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरही तशीच एक पद्धत होती. आज वापरात असलेल्या रूपाला आकार आला अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या बीव्हर्टनच्या सिक्वेंट कंपनीत. तिथे पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी १९९० च्या दशकात डायनिक्स या युनिक्सकुळातल्या प्रणालीसाठी ती घडवली. १९९३ साली पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९९५ मध्ये ते मिळाले. १९९९ साली आयबीएमने सिक्वेंट विकत घेतली.

इथून पुढच्या कथेत भारत येतो. २००१ साली कॅनडात ऑटावा येथे भरलेल्या लिनक्स परिषदेत रीड-कॉपी-अपडेटवर निबंध सादर झाला. त्याच्या सात लेखकांमध्ये मॅकेनींबरोबर आयबीएमच्या बंगळूर येथील दोन अभियंते होते, दीपंकर सर्मा आणि मनीष सोनी. लिनक्समध्ये ही युक्ती प्रत्यक्ष बसवण्याचे काम मुख्यतः सर्मा यांनी केले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये २.५.४३ या विकास-आवृत्तीत ते स्वीकारले गेले. फाइलींच्या नावांची तालिका कुलपांशिवाय वाचता यावी म्हणून त्यांनी आणि सोनींनी पुढे केलेले कामही नोंदलेले आहे. लिनक्सवर गाजलेल्या एससीओ विरुद्ध आयबीएम या २००३ च्या दाव्यात वादाच्या मुद्द्यांमध्ये आरसीयूचेही नाव होते. ज्या वस्तूवर कंपन्या कोर्टात भांडल्या ती आज कर्नलच्या कोपऱ्याकोपऱ्यात आहे. फोनवर फोटो उघडताना फाइलचा पत्ता शोधला जातो तेव्हा, आणि संदेशाची वाट ठरते तेव्हाही, तीच कामाला येते.

आधी पुस्तक, मग कार्ड

आतापर्यंत एक गोष्ट गृहीत धरली: ग्रंथपाल आधी पुस्तक फडताळात लावतो आणि मग कार्ड बदलतो. माणूस असा क्रम पाळतो. यंत्र पाळीलच असे नाही.

कार्यक्रम माणसाने एका क्रमाने लिहिला तरी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर आणि प्रत्यक्ष आज्ञा पाळणारा प्रक्रियक, दोघेही वेगासाठी क्रम बदलतात. एकट्याच्या कामात त्याने फरक पडत नाही. पण दुसरा कोणी पाहत असेल तर त्याला कार्ड आधी बदललेले दिसू शकते आणि फडताळ अजून रिकामे. म्हणून लेखकाने पत्ता प्रसिद्ध करताना खास सूचना द्यायची: याआधीचे सगळे लिहून झाल्याशिवाय हे लिहू नकोस.

वाचकाच्या बाजूलाही सूचना लागते, आणि ती अधिक नाजूक आहे. समजा, वाचकाने कार्ड पाहिले, पत्ता आहे याची खात्री केली आणि मग पुस्तकाकडे गेला. कंपायलरला वाटू शकते की पत्ता लक्षात ठेवण्यापेक्षा कार्ड दुसऱ्यांदा पाहिले तर सोयीचे. मधल्या क्षणात ग्रंथपालाने कार्ड काढून टाकले असेल तर खात्री एका पत्त्याची झाली आणि पाऊल दुसऱ्याकडे पडले. म्हणून नियम असा: पत्ता एकदाच, ठरलेल्या सूचनेनेच वाचायचा आणि पुढे त्याच नकलेवर काम करायचे. लिनक्समध्ये या सूचनेला ‘आरसीयू डीरेफरन्स’ म्हणतात. तिने मिळालेला पत्ता वाचनाची शेवटची खूण ओलांडून बाहेर न्यायचा नाही, हा नियमाचा उरलेला अर्धा भाग. वाचनालयातून घरी नेलेल्या पुस्तकाची जबाबदारी ग्रंथपालावर नाही.

एका प्रक्रियकाने तर याहून पुढची मजल गाठली. १९९२ साली आलेल्या डेकच्या अल्फामध्ये वाचकाला नवे कार्ड दिसल्यावरही त्या पत्त्यावर जुनाच मजकूर दिसू शकत असे. लेखकाने क्रम चोख पाळला असला तरीही. कारण वाचकाजवळची नक्कल-मेमरी दोन भागांत असे आणि एका भागातली ताजी बातमी दुसऱ्याच्या आधी पोचे. बाकीचे प्रक्रियक निदान एवढे तरी मान्य करतात की पत्ता कळल्यावाचून त्या पत्त्यावरचे वाचता येत नाही. अल्फा तेही मानत नसे. त्याच्यासाठी वाचकाला जास्तीचा अडसर घालावा लागे. २०१८ पासून लिनक्सने ती तरतूद सर्वसाधारण वाचन-सूचनेतच मिसळून टाकली.

हे सगळे नियम एकत्र गणिती काटेकोरपणे मांडण्याचे काम २०१८ पर्यंत चालले. त्या वर्षी अल्ग्लेव्ह, मारांजे, मॅकेनी, पारी आणि स्टर्न यांनी लिनक्सच्या स्मृतिव्यवहाराचे औपचारिक प्रतिमान प्रसिद्ध केले. निबंधाच्या शीर्षकात, लहान मुलांना घाबरवणे आणि मोठ्यांना गोंधळात टाकणे, असे शब्द आहेत. विषय जाणणाऱ्यांना त्यात अतिशयोक्ती वाटली नाही.

नियम मोडला की

पत्ता आणि वस्तू यांची फारकत झाली की काय होते, याचे एक उदाहरण आपल्या खिशाजवळचे आहे. अँड्रॉइडमध्ये दोन कार्यक्रमांना एकमेकांशी बोलायचे असेल तर ‘बाइंडर’ नावाच्या मध्यस्थामार्फत बोलावे लागते. संवादातल्या प्रत्येक धाग्यासाठी बाइंडर कर्नलमध्ये एक नोंद ठेवतो आणि त्या नोंदीच्या पोटातच वाट पाहणाऱ्यांची रांग असते. ‘काही आले की मला उठवा’ असे सांगण्याची सोय करणारी कर्नलमधली दुसरी एक यंत्रणा त्या रांगेचा पत्ता स्वतःकडे लिहून ठेवते. एखादा कार्यक्रम बाइंडरला सांगू शकतो की माझ्या या धाग्याचे काम संपले. बाइंडर नोंद मोकळी करून टाकी. पण दुसऱ्या यंत्रणेच्या वहीत जुना पत्ता राहून जाई आणि आवराआवर करताना ती त्या पत्त्यावर जाऊन लिही. मधल्या काळात ती जागा आपल्याला मिळेल अशी व्यवस्था हल्लेखोराने केली, की कर्नलच्या मेमरीत हवे ते वाचण्याची आणि लिहिण्याची वाट त्याला मोकळी.

हा दोष नोव्हेंबर २०१७ मध्ये सिझकॉलर या स्वयंचलित तपासणी-साधनाने दाखवून दिला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो दुरुस्तही झाला. दुरुस्तीचे दोन भाग होते. पहिला, नोंद मोकळी करण्याआधी रांगेचा पत्ता बाळगणाऱ्यांना तो सोडायला सांगणे. दुसरा, त्यानंतर एक ग्रेस पिरियड थांबणे. कारण सांगितले तरी कोणी नेमका त्याच क्षणी त्या पत्त्यावर असू शकतो. थोडक्यात, भोक बुजवायला शेवटी ‘आधीचे वाचक उठेपर्यंत थांब’ हाच नियम कामी आला.

पण ही दुरुस्ती सुरक्षेची म्हणून जाहीर झाली नव्हती, म्हणून ती बऱ्याच विकल्या गेलेल्या फोनांपर्यंत पोचलीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो गटाच्या मॅडी स्टोन यांनी हा दोष पुन्हा उजेडात आणला आणि त्याचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याची चिन्हे असल्याचे सांगितले. बाधित फोनांच्या यादीत पिक्सेल २ आणि सॅमसंगच्या महागड्या फोनांबरोबर रेडमी ५ए आणि रेडमी नोट ५ होते. भारतात ही साधी, खपाची नावे. फेब्रुवारी २०१८ ते ऑक्टोबर २०१९, म्हणजे सुमारे वीस महिने उत्तर तयार होते आणि प्रश्न लोकांच्या खिशात होता.

दुसरे उदाहरण आरसीयूच्याच अंगणातले. २०२३ साली पेकिंग विद्यापीठाचे रुइहान ली यांनी लिनक्सच्या ६.१ ते ६.४ या आवृत्त्यांत एक दोष दाखवला. ‘स्टॅकरॉट’ या नावाने तो ओळखला जातो. कार्यक्रमाला मेमरीचे कोणते पट्टे दिले आहेत याची यादी नव्या प्रकारच्या वृक्षात ठेवली गेली होती. त्या वृक्षाची जुनी पाने ग्रेस पिरियडनंतर टाकली जात, नियमाप्रमाणे. पण काही वाचक आरसीयूचे वाचक म्हणून आत गेलेलेच नव्हते. ते जुन्या कुलपाची वाचकाची किल्ली घेऊन गेले होते आणि कुलूप आपले रक्षण करील असे मानत होते. एका खास प्रसंगी लेखकही लेखकाची किल्ली न घेताच पान बदलत असे. दोन्ही बाजू आपापला नियम पाळत होत्या, फक्त नियम एकच नव्हता. जूनच्या मध्यावर कळवलेला दोष जुलैच्या आरंभी दुरुस्त झाला.

शिळे वाचण्याची किंमत

आरसीयू सर्वत्र चालत नाही, आणि कुठे चालत नाही हे समजल्यावरच तिचा स्वभाव नीट कळतो. वाचक काही क्षण शिळी प्रत वाचत असू शकतो, हे तिने उघडपणे मान्य केले आहे. संदेशाच्या वाटांची यादी असेल तर हे चालते. दूरवरची तार तुटल्याची बातमी आपल्यापर्यंत यायलाच काही काळ जातो, त्यात आणखी काही मिलिसेकंदांनी बिघडत नाही. बँकेतली शिल्लक असेल तर चालत नाही. दोन जणांनी एकच जुनी शिल्लक वाचून दोनदा पैसे काढले तर तो अनर्थ. तिथे कुलूपच हवे.

दुसरी किंमत जागेची. जुन्या प्रती ग्रेस पिरियड संपेपर्यंत साठत राहतात. एखादा वाचक नियम मोडून पुस्तकावरच झोपला तर त्याच्यामागे सगळ्या जुन्या प्रती अडकतात आणि मेमरी भरत जाते. म्हणून लिनक्स पहारा ठेवते. एखादा कोअर २१ सेकंद उठला नाही तर ती नोंदवहीत तक्रार लिहिते. हा आकडा मूळ कर्नलमधला आहे आणि तो बदलता येतो.

तिसरी किंमत माणसांच्या शिस्तीची. वाचकाची खूण शून्य आज्ञांची असल्यामुळे ती घालायला विसरले तरी यंत्र तक्रार करत नाही. कार्यक्रम चालतो, महिनोन्‌महिने चालतो, आणि लाखातल्या एखाद्या फोनवर लाखातल्या एखाद्या क्षणी पडतो. जो पहारेकरी कोणाला अडवत नाही तो गैरहजर असला तरी कळत नाही. यावर उपाय म्हणून २०१० च्या सुमारास कर्नलमधल्या अशा पॉइंटरांवर वेगळी खूण करण्याची आणि खुणेविना वाचणाऱ्याला पकडण्याची साधने आली. २०१५ पासून सोडलेल्या जागेला कोणी हात लावला तर तिथल्या तिथे ओरडणारे साधन कर्नलमध्ये आहे. ती फोनवर चालू ठेवण्याइतकी स्वस्त नसल्याने मुख्यतः प्रयोगशाळेत वापरतात. २०२२ अखेरच्या ६.१ आवृत्तीपासून रस्ट या भाषेला कर्नलमध्ये प्रवेश मिळाला. त्या भाषेत पत्ता त्याच्या वस्तूहून जास्त काळ जगणार नाही, याची बरीचशी तपासणी कंपायलरच करतो. पण लिनक्सच्या कोट्यवधी ओळी सी या भाषेत आहेत आणि उद्याही राहणार आहेत.

तोवर बरेचसे काम नियमावरच चालेल: पत्ता एकदाच वाच, वाचन संपल्यावर तो जवळ ठेवू नकोस, आणि टाकणारा असशील तर तुझ्याआधी आत गेलेला शेवटचा माणूस उठेपर्यंत थांब. बाइंडरच्या दुरुस्तीत हे थांबणे काही मिलिसेकंदांचे होते. ती दुरुस्ती रेडमीच्या फोनापर्यंत पोचायला लागलेले वीस महिने मात्र कोणत्याही कर्नलच्या हाती नव्हते. ते फोन विकणाऱ्या आणि अद्ययावत ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या हाती होते, आणि अजूनही आहेत.